देवाला आधीच माहीत होतं, मग अम्माच्या हातात काय होतं?

तेंदूपान

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आज लिहिते.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात. घरात तेलुगू बोलतो, म्हणून आई नाही, अम्मा. वडिलांना नायना म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ चार दिवसांवर आला असताना नायना गेले. रात्री दोनच्या सुमारास त्यांना छातीत जळजळायला लागलं. अम्माने सोडा दिला, ओवा दिला. "गॅस आहे, झोप तू," असं ते म्हणाले. ती पाठ चोळत बसली आणि तिचा डोळा लागला. साडेपाचला रिक्षा मिळाली तोवर उशीर झाला होता.

परवा ती शेजारणींबरोबर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेली. होमप्रदीपन झालं की रात्री वासराची भाकणूक असते, म्हणजे वासरावरून पाऊसपाण्याचं भाकीत करतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. घरी आली, चपला काढल्या आणि दारातच विचारलं, "वासराला पाऊस कळतो, तर देवाला सगळंच कळत असणार. मी त्या रात्री सोडा देऊन झोपणार, हे त्याला आधीच माहीत होतं ना? मग मला दुसरं काही करता आलं असतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. "नाही, ते ठरलेलंच होतं" म्हणावं, तर तिचा भार उतरेल, पण मग ती सोमवार कशासाठी धरते? "हो, करता आलं असतं" म्हणावं, तर ती जन्मभर जळेल. नायना गेल्यापासून ती रथाला येत नाही. म्हणते, मार्कंडेयाचं मरण टळलं, आमचं का नाही टळलं.

देवाला सगळं आधीच माहीत असणं आणि माणसाला मोकळीक असणं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? पुस्तकी उत्तर चालेल. फक्त अम्माला वाचून दाखवता येईल असं लिहा.

कडकभाकरी

वाचून गलबललं. माझ्याकडे उत्तर नाही. धाग्यावर आहे.

भुईकोट

तेंदूपान, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून माझं मत सांगतो. एकत्र नांदू शकत नाहीत.

देव सर्वज्ञ आहे, म्हणजे त्याचं जाणणं कधी चुकत नाही. तुमच्या आई सोडा देणार हे त्याला आदल्या दिवशीही माहीत होतं आणि हजार वर्षांपूर्वीही. होऊन गेलेली गोष्ट कुणालाच बदलता येत नाही. मग त्या रात्री आईंनी वेगळं काही केलं असतं, तर एक तर देव चुकला असता किंवा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट मागे जाऊन बदलली असती. दोन्ही अशक्य. म्हणून वेगळं करणंही अशक्य. सुटका हवी तर देवाचं सर्वज्ञपण तरी सोडा, नाहीतर माणसाची मोकळीक तरी सोडा. मी पहिलं सोडलं आहे. देव आहे, पण पुढचं त्यालाही उघडंच आहे, असं मी मानतो. असं मानणारे ख्रिस्ती विचारवंत आजही आहेत, मी एकटा नाही.

बाळीवेस

भुईकोट, तुमच्या मांडणीत "आधी" हा शब्द देवाला चिकटवलाय. तिथेच घोळ आहे.

गड्ड्याच्या जत्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे माणसांनी पेलायच्या उंच काठ्यांची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला सातही नंदीध्वज एकामागून एक दिसतात. पहिला गेला की तो "मागचा" झाला, सातवा अजून "पुढचा" आहे. आता आमच्या वाड्याच्या गच्चीवर या. तिथून सातही एकाच वेळी दिसतात. गच्चीवरच्याला सातवा दिसतोय, म्हणून सातवा नंदीध्वज पेलणाऱ्याच्या खांद्यावर कुणी जबरदस्ती केली असं होत नाही. तो आपल्या बळावर, आपल्या मर्जीने चाललेला असतो.

हा विचार माझा नाही. बोएथियस नावाचा रोमन विद्वान सहाव्या शतकात मृत्युदंडाच्या छायेत तुरुंगात बसून हेच लिहीत होता. देवाला काल-आज-उद्या नाही, त्याला सगळं "आत्ता" दिसतं, असं त्याचं म्हणणं. उंचावरून रस्ता बघणाऱ्याचा दाखला पुढे थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने दिला. मी फक्त त्याला बाळीवेशीत आणून उभा केला.

उजनीकाठ

मुद्दा चांगलाय, पण भाकणुकीबद्दल एक बोलतो. आमच्यात दरवर्षी कोण ना कोण सोलापूरला जाऊन ऐकून येतं. वासरू दिवसभर उपाशी असतं, पुढं धान्य, गूळ, बोरं, गाजर मांडतात. कशाला तोंड लावलं, मुतलं का, बिथरलं का, यावरनं पाऊस आणि भाव सांगतात. आजोबा मन लावून ऐकायचे. पण पेरणी कधी भाकणुकीवर केली नाही. मातीत बोट घालून ओल बघायचे आणि मगच तिफण बाहेर काढायचे. दोन्ही एकाच माणसात होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटायचं नाही.

हिप्परगा

अवांतर: गाजर खाल्लं की गाजर महागणार की स्वस्त होणार? आमच्या घरी यावर दरवर्षी भांडण.

उजनीकाठ

@हिप्परगा आमच्या गल्लीत पण दोन पार्ट्या आहेत. ह्यात पडू नका :)

जेकॉर्ड

मी यंत्रमागावर तीस वर्षं काढली. चादर विणली, टॉवेल विणले. शिकलेला कमी आहे, समजून घ्या.

चादरीवर मोर येणार हे मला पहिला धोटा टाकायच्या आधी माहीत असतं. कारण वर जेकॉर्डला भोकं पाडलेल्या कार्डांची माळ लावलेली असते. भोक असेल तिथं ताण्याचा दोरा उचलतो, नसेल तिथं खाली राहतो. दोऱ्याला मर्जी नाही. पण मोर येतो तो मला माहीत आहे म्हणून येत नाही, कार्डामुळं येतो. मी त्या दिवशी कामावर आलो नाही, दुसऱ्याने माग चालवला, तरी मोरच येणार.

माझं म्हणणं एवढंच. माहीत असणं वेगळं आणि कार्ड पाडणं वेगळं. प्रश्न देवाला माहीत आहे का हा नाही. कार्ड कुणी पाडलं हा आहे.

बाळीवेस

जेकॉर्डभाऊ, "शिकलेला कमी" पुन्हा लिहू नका. धाग्यातला सगळ्यात नेमका प्रतिसाद तुमचा आहे.

स्वाध्यायी

जेकॉर्ड यांनी जिथे बोट ठेवलं, तिथे जैन विचारात फार जुनी चर्चा आहे. केवलज्ञानी, म्हणजे पूर्ण ज्ञान झालेला जीव, सगळी द्रव्यं आणि त्यांच्या तिन्ही काळांतल्या सगळ्या अवस्था जाणतो. पण तो जगाचा कर्ता नाही. तो ज्ञाता आणि द्रष्टा आहे, कार्डं पाडणारा नाही. त्यामुळे "देवाने माझ्याकडून करून घेतलं" असं म्हणायला आमच्याकडे जागाच उरत नाही.

तरी प्रश्न मिटला असं समजू नका. विसाव्या शतकात सोनगढच्या कानजी स्वामींनी "क्रमबद्धपर्याय" ठामपणे मांडला. केवलीच्या ज्ञानात सगळ्या अवस्था क्रमाने दिसतात, म्हणजे त्या क्रमानेच होणार. यावर दिगंबर समाजात मोठे वाद झाले. लहानपणी स्वाध्यायाला आजोबांच्या मांडीवर बसून मी ते चढलेले आवाज ऐकले आहेत. एक बाजू म्हणायची, असं असेल तर पुरुषार्थ बुडाला. दुसरी म्हणायची, पुरुषार्थसुद्धा त्याच क्रमात आहे. आजोबा पाच बोटं दाखवायचे. स्वभाव, नियती, काळ, निमित्त आणि पुरुषार्थ, पाचही जुळले की कार्य होतं. एकच बोट धरून घास उचलता येत नाही, असं ते म्हणायचे.

आणि एक गोष्ट अम्मांना सांगा. अर्धमागधी आगमात सद्दालपुत्त नावाचा कुंभार आहे. तो गोशालकाच्या आजीवक पंथाचा, म्हणजे सगळं नियत आहे, प्रयत्नाने काही होत नाही असं मानणारा. महावीरांनी त्याला उन्हात वाळत घातलेली मडकी दाखवून विचारलं, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळं नियतच असतं. मग विचारलं, कुणी तुझी मडकी फोडली, तुझ्या बायकोशी गैरवर्तन केलं, तर काय करशील? कुंभार म्हणाला, त्याला मारीन, झोडपीन. मग तो माणूस दोषी कसा? त्याचंही नियतच होतं ना?

कुंभार तिथे निरुत्तर झाला.

वाचनमात्र

गोशालकाचा दाखला आमच्या पाली ग्रंथांतही आहे, आणि तो सोलापूरकराने वाचायलाच हवा असा आहे. सामञ्ञफल सुत्तात मक्खलि गोसालाचं मत दिलंय. सुताची गुंडी फेकली की ती दोरा संपेपर्यंत उलगडत जाते, तसे शहाणे आणि मूर्ख सारखेच ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या करून मग दुःखातून सुटणार. शील, व्रत, तप, कशानेही एक फेरा कमी होत नाही.

बुद्धांनी या मताचा कडक निषेध केला. मी धम्माच्या वाटेवर आलो तो याच कारणाने. माझ्या आजोबांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांनी "तुमच्या नशिबातच आहे" असंच सांगितलं होतं. ठरलेलं आहे हे वाक्य कोण कुणाला सांगतोय, हेही बघायला हवं.

भुईकोट

वाचनमात्र यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

पण बाळीवेस, तुमच्या गच्चीचं माझ्या मनात काही बसेना. गच्चीवरचा खाली येऊन आदल्या रात्री कुणाला सांगत नाही. आपल्या परंपरांत देव सांगतो. आकाशवाणी होते, दृष्टांत होतो. एकदा ते ज्ञान काळात उतरलं की ते "होऊन गेलेलं" झालं. कंसाला आठव्या मुलाबद्दल आधीच सांगितलं होतं. मग कंसाच्या हातात काय उरलं?

सातरस्ता

होऊन गेलेलं सगळंच एका जातीचं नसतं, एवढंच सांगते. माझी आजी वारली. तीन महिन्यांनी माझं लग्न झालं. आता "आजी माझ्या लग्नाच्या तीन महिने आधी वारली" ही गोष्ट होऊन गेलेली आहे की नाही? आहे. पण आजी गेली त्या दिवशी ती पक्की होती का? नव्हती. मी लग्न मोडलं असतं, तर ते वाक्य खोटं ठरलं असतं. आजीच्या मरणाला मी हातही लावला नाही, तरी त्याबद्दलचं एक वाक्य माझ्या होकारावर टांगलेलं होतं.

चौदाव्या शतकातल्या ओकमच्या विल्यम या ख्रिस्ती विचारवंताने देवाच्या ज्ञानाबद्दल असंच काहीसं सुचवलं. देवाला काल माहीत होतं, पण त्याचं ते कालचं जाणणंच माझ्या उद्याच्या करण्यावर टेकलेलं आहे. मी वेगळं करणार असते, तर त्याला आधीपासून वेगळं माहीत असतं.

भुईकोट

सातरस्ता, हे पटकन खोडता येत नाहीये. विचार करून लिहितो.

लष्करकट्टा

आमच्याकडे याला तकदीरचा मसला म्हणतात. यावरून सुरुवातीच्या काळातच गट पडले. माणूस पूर्ण बांधलेला आहे म्हणणारे जबरी, माणूस स्वतः करतो म्हणणारे कदरी. इमाम अशअरींनी मधली वाट सांगितली. काम निर्माण अल्लाह करतो, माणूस ते "कमावतो". त्या कमावण्याला अरबीत कस्ब म्हणतात. मराठीतलं "कसब" त्याच शब्दावरून आलंय. हातातलं कसब म्हणतो ना आपण, तेच.

पण अम्मींना वाचून दाखवायचं असेल, तर अब्बा सांगायचे ती गोष्ट लिहितो. खलिफा हजरत उमर सातव्या शतकात शामकडे, म्हणजे सीरियाकडे निघाले होते. वाटेत कळलं की तिकडे प्लेग आहे. त्यांनी परत फिरायचं ठरवलं. त्यांचे सेनापती अबू उबैदांनी विचारलं, "अल्लाहच्या तकदीरपासून पळताय?" उमर म्हणाले, "हो, अल्लाहच्या तकदीरकडून अल्लाहच्या तकदीरकडेच." आणि पुढे समजावलं: तुझे उंट एका दरीत उतरले. एक उतार हिरवा, एक उजाड. हिरव्यावर चारलेस तरी अल्लाहच्याच तकदीरने, उजाडावर चारलेस तरी त्याच्याच. म्हणजे कुठला उतार धरायचा हे बघणं माणसाचंच काम.

कडकभाकरी

हिरवा उतार, उजाड उतार. सुंदर.

मालदांडी

गीतेचं कुणीच कसं काढलं नाही? सातव्या अध्यायात (७.२६) भगवान म्हणतात, होऊन गेलेले, असलेले आणि पुढे होणारे सगळे जीव मी जाणतो. आणि अठराव्यात (१८.६३) अर्जुनाला सांगतात, "विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु." नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. सगळं माहीत असलेला देव "तुला वाटेल तसं कर" म्हणतो, हेच तुमचं उत्तर.

भुईकोट

मालदांडी, तीनच श्लोक मागे जा. १८.६० मध्ये काय आहे? "मोहामुळे जे करायचं नाही म्हणतोस, ते तू अवश होऊन करशीलच." आणि ६१ मध्ये यंत्रावर बसवल्यासारखे जीव फिरवणारा ईश्वर. अकराव्यात तर "हे मी आधीच मारलेत, तू निमित्तमात्र हो". वेचून श्लोक घेतला तर दोन्ही बाजू निघतात.

मालदांडी

निघतात, मान्य. म्हणूनच टिळकांना गीतारहस्यात "कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य" असं अख्खं प्रकरण लिहावं लागलं. पण क्रम बघा ना. "अवश होऊन करशील" आधी आहे, "वाटेल तसं कर" नंतर आहे. देवाचं नंतरचं वाक्य मोकळीक देणारं आहे. मला तो क्रम महत्त्वाचा वाटतो.

अजून एक. देव पक्षपाती आणि निर्दय आहे का, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रात (२.१.३४) उत्तर आहे आणि शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या पिकांना सारखाच, पण भात होतो की सातू, हे बियाण्यावर. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात म्हणाल, तर त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी येते आणि बांधाला कुसळही येतं.

पाखरू

तुकोबांचंच बघा की. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" आणि "असाध्य ते साध्य करिता सायास" एकाच माणसाचं. वारीत दोन्ही म्हणत आपण पंढरपुरापर्यंत चालतो, पाय दुखले तर रात्री तेलही लावतो.

जेकॉर्ड

मार्कंडेयाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पोरी, मी पण पद्मशाली, विणकर समाजातला. रथाच्या पुढं मागाचं प्रात्यक्षिक असायचं, त्यावर मी बसलोय.

मृकंडू ऋषींना वर मिळाला तेव्हा विचारलं होतं. गुणी मुलगा हवा, पण सोळाच वर्षांचा, की मंद मुलगा हवा, दीर्घायुषी? त्यांनी सोळा वर्षांचा मागितला. म्हणजे बापाला माहीत होतं. बापाला माहीत असूनही त्याने पोराला शिकवलं, मुंज केली, शिवाची पूजा करायला लावलं. सोळाव्या वर्षी यम आला, पोराने पिंडीला मिठी मारली, शंकराने यमाला अडवलं. आता सांग, सोळा वर्षं हे "माहीत" होतं ते खोटं होतं का? मिठी मारली नसती तर खरं झालं असतं. मिठी त्या पोराची होती. ती कुणी कार्डात पाडली नव्हती, असं मला वाटतं.

अम्माला सांग, मार्कंडेयाचं टळलं म्हणून आपण रथ ओढत नाही. त्याने मिठी सोडली नाही म्हणून ओढतो. तुझी अम्मा पण डोळा लागेपर्यंत पाठ चोळत बसली होती की.

तेंदूपान

काका, हे वाचून मी खूप रडले. आजच वाचून दाखवते.

सूतकांडी

मी डॉक्टर आहे. देवाबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण धाग्यातल्या पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. इतक्या प्रतिसादांत तो थोडा मागे पडलाय.

"मला दुसरं काही करता आलं असतं का" या प्रश्नात तुमच्या अम्मा आज जे माहीत आहे ते त्या रात्रीच्या स्वतःला देताहेत. पित्ताची जळजळ आणि हृदयविकार, दोन्ही सुरुवातीला इतके सारखे असू शकतात की आम्हीसुद्धा ईसीजी आणि रक्ताची तपासणी केल्याशिवाय ठामपणे सांगत नाही. आमच्या हातात ती यंत्रं असतात. तुमच्या अम्मांच्या हातात रात्री दोन वाजता ओव्याची डबी होती.

देवाला सगळं माहीत असेलही. पण दोष मोजायचा तो माणसाला काय माहीत होतं त्यावर. मोकळीक असणं म्हणजे सर्वज्ञ असणं नव्हे. त्यांना निवड होती, आणि समोर जेवढं दिसत होतं त्यात त्यांनी जी निवड केली ती नवऱ्याला बरं वाटावं म्हणूनच केली.

बाकी सगळ्यांसाठी: छातीत दाब, जळजळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही वाटलं तर गॅस समजून थांबू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. गॅस निघाला तर आनंदाने घरी या.

भुईकोट

डॉक्टर, मी ज्या मोकळिकीबद्दल भांडत होतो आणि तेंदूपानच्या आई ज्याबद्दल विचारत होत्या, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे आज कळलं. पहिल्या प्रश्नावर माझं मत अजून तेच आहे, सातरस्ता यांच्या आजीने ते हलवलंय खरं. पण तेंदूपान, माझा पहिला प्रतिसाद तुम्ही आईंना वाचून दाखवला असेल, तर मला वाईट वाटेल.

तेंदूपान

भुईकोट, दाखवला. सगळेच दाखवले, तेलुगूत सांगत सांगत. काळजी करू नका. तुमचा ऐकून ती म्हणाली, "हा मुलगा भांडतो, पण खरं बोलतो."

रविवारी दुपारी ती सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. बोलताना तिचे हात थांबत नाहीत. जेकॉर्ड काकांचं ऐकताना थांबले. डॉक्टरांचं ऐकताना पुन्हा थांबले. "डॉक्टरलाही यंत्राशिवाय कळत नाही, असं लिहिलंय?" म्हणून दोनदा वाचायला लावलं. उमरची गोष्ट तिला आवडली, हिरवा उतार कुठला हे अंधारात दिसत नाही म्हणाली.

मग बराच वेळ गप्प होती. पाच-सहा विड्या झाल्या असतील. आणि म्हणाली, "ते स्वतः म्हणाले होते, झोप तू. ते पण होते ना तिथे. मी एकटी नव्हते."

दोन वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. "मी सोडा दिला, मी झोपले", एवढंच म्हणायची. त्या रात्री खोलीत दोन माणसं होती, दोघांनी मिळून ठरवलं होतं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

वळून झालेली शेवटची विडी तिने उजेडात धरून बघितली, सैल होती. छाटमध्ये टाकली, नवीन पान घेतलं. नारळी पौर्णिमा कधी आहे ते कॅलेंडरात बघून ठेव म्हणाली.